डाव्या हाताला क्लच नव्हता

माझ्या पायाला भिंगरी आहे, हे आई मी सहा वर्षांची असल्यापासून सांगत आली आहे. पाहुण्यांना सांगितलं, शेजारणींना सांगितलं, एकदा तर मला बघायला आलेल्या मुलाच्या आईलाही सांगितलं आणि ते स्थळ चहाच्या कपावरच संपलं. त्याचं मला काही वाटलं नाही. पण गेल्या वर्षी बाथरूममध्ये साबणाच्या पाण्यावरून घसरून माझा डावा घोटा मोडला, त्यात धातूची पट्टी आणि स्क्रू बसले, आणि दवाखान्यातून घरी आणल्यावर आईचं पहिलं वाक्य काय असावं? "गेली एकदाची भिंगरी." तिच्या हातात पाण्याचा पेला होता, माझ्यासाठीच आणलेला. मी तो घेतला नाही.

आधी आम्हा दोघींबद्दल सांगते. मी अठ्ठेचाळीस वर्षांची, लग्न न केलेली. आई चौऱ्याहत्तरची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. नाशिक रोडला एका जुन्या कॉलनीत पहिल्या मजल्यावर आम्ही दोघी राहतो आणि दिवसातून दोनदा तरी एकमेकींवर तोंडसुख घेतो. मी सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात आहे. मशीनवरून उतरलेला लोखंडी तुकडा हातात घ्यायचा, मोजायचा, मापात असेल तर पुढे, नसेल तर परत. लोकांना वाटतं, असलं काम करणारी बाई शांत आणि सोशिक असणार. मी तशी नाही. दोन तास एका जागी बसले की पोटऱ्यांना मुंग्या येतात आणि समोर जो कोणी असेल त्याचा राग यायला लागतो. त्याने बिचाऱ्याने काहीच केलेलं नसतं.

म्हणून मोटरसायकल. सव्विसाव्या वर्षी घेतली, पगार सुरू झाल्यावर, कुणालाही न विचारता. तेव्हापासून रोज नाशिक रोड ते सातपूर आणि परत, मधे द्वारका चौकातली ती गर्दी, ट्रकांचा धूर, आणि मुंबई नाक्यावर कोण कुठून घुसेल याचा नेम नाही. रविवारी मात्र शहराबाहेर. कधी पेठ रस्त्याने, कधी इगतपुरीकडे, कधी सापुताऱ्याचा घाट चढून नुसता एक कप चहा पिऊन परत. संध्याकाळी आई विचारायची, कुठे गेली होतीस? सांगण्यासारखं काही नसायचं. जायचं म्हणून गेले होते. हे उत्तर तिला कधी पटलं नाही आणि दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

बावीस वर्षं ती गाडी मी चालवली आणि या बावीस वर्षांत आई एकदाही माझ्या मागे बसली नाही.

धाकट्या भावाच्या मागे बसायची. त्याच्याकडे तेव्हा मोटरसायकलच होती, माझ्यापेक्षाही दणकट. त्याच्या मागे पदर खोचून, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन ती खुशाल बाजारात जाऊन यायची. शेजारच्या काकांच्या मागे बसायची. एकदा पाऊस होता म्हणून गॅसवाल्याच्या टेम्पोत बसून स्टेशनापर्यंत गेली. माझ्या मागे मात्र नाही. मला तिच्याकडून आयुष्यात फार काही नको होतं. लग्नाचं बोलणं बंद कर, असंसुद्धा मी तिला कधी म्हटलं नाही. एकदा माझ्या मागे बसावं, एवढंच. माझ्या खांद्यावर हात ठेवून, माझ्या भरवशावर, स्टेशनापर्यंत का होईना.

गाडी आणली त्या दिवशी मी खालूनच हॉर्न वाजवला. आई गॅलरीत आली. मी ओरडून म्हटलं, "बघ! आता कुणाच्या मिनतवाऱ्या करायला नकोत!" सगळी कॉलनी ऐकत होती. आईने गाडी बघितली, मला बघितलं आणि म्हणाली, "बाईमाणसाला शोभत नाही ही." आणि आत गेली. मी त्याच पावली गाडी वळवली आणि सिन्नरला जाऊन आले, उपाशीपोटी.

पुढे कधीतरी, भाऊ वेगळा राहायला गेल्यावर, आमचं एकदा कडाक्याचं भांडण झालं. तिला बँकेत जायचं होतं आणि ती रिक्षाची वाट बघत उन्हात उभी होती. मी गाडी तिच्या पुढ्यात आणून थांबवली आणि म्हटलं, "माझ्या मागे बसायची तुला लाज वाटते ना?" ती म्हणाली, "हो, वाटते. ती पुरुषी गाडी सोड, मग बसते." माझ्या तोंडचं पाणी पळालं नाही, उलट मला चेव आला. मी म्हटलं, मग नकोच बसू. आणि ती रिक्षाने गेली.

तर आता घोटा. सहा आठवडे प्लॅस्टर, मग काठी, मग व्यायाम. ते दिवस आठवले की अजून अंगावर येतात. मी वॉकर घेऊन खोलीत येरझारा घालायचे. आई म्हणायची, फरशी झिजेल. मी गॅलरीत उभी राहून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा गिअर कुठे बदलला ते ऐकायचे आणि चालवणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या द्यायचे. आई खूश होती. तसं तिने म्हटलं नाही, पण वीस वर्षांत पहिल्यांदा तिची मुलगी दुपारी घरात होती, आणि ती रोज काहीतरी वेगळं करून खायला घालत होती. थालीपीठ, मुगाची खिचडी, एकदा तर मांडे करायला घेतले आणि दोघींनी मिळून ते बिघडवले. मला ते प्रेम कळत होतं. आणि गुदमरायलाही होत होतं.

प्लॅस्टर निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "गिअरची गाडी सोडा. डाव्या पायाचा पंजा गिअरच्या दांडीखालून वर उचलायचा म्हटलं की पट्टी दुखणार. आज नाही तर उद्या." भाऊ सोबत होता. तो म्हणाला, "ताई, कंपनीची बस आहे ना. आणि आता वय झालं आपलं." आपलं म्हणाला, पण रोख माझ्याकडे होता. त्या दिवशी मी त्याला जेवायला थांब म्हटलं नाही.

बसने मी अकरा दिवस गेले. बस चांगली होती, वेळेवर यायची. पण कुणीतरी मला नेतं आहे, आणि मी खिडकीला डोकं टेकून बसले आहे, हे मला सोसेना. बाराव्या दिवशी मी बस सोडून दिली आणि रिक्षा करून माझ्या गॅरेजवाल्याकडे गेले.

गॅरेजवाला दिंडोरीकडचा, माझ्याच वयाचा. माझी गाडी पहिल्यापासून त्याच्याच हाताखालून गेली आहे. त्याने माझा पाय बघितला, मग म्हणाला, "ताई, टाच आणि पंजा दोन्हीकडून दाबायचा गिअर असलेली हलकी मोटरसायकल घ्या. पंजा उचलायचं कामच नाय. पुढचा गिअर टाचेनं हाणायचा." त्याच्याकडे तशी एक उभी होती. मी ती चालवून बघितली. टाचेने गिअर पडत होता, पण प्रत्येक वेळी घोट्यातून एक कळ थेट गुडघ्यापर्यंत जात होती. तिसऱ्या वेळी माझ्या तोंडून आई गं निघालं आणि मी परत फिरले.

"मग लय सोपं हाय," तो म्हणाला आणि कोपऱ्यातल्या एका गाडीवरचं कापड त्याने ओढलं. मोठी स्कूटर. कुणा गिऱ्हाइकाची, सर्व्हिसिंगला आलेली. मी स्कूटर म्हणजे पोरी कॉलेजला नेतात ती समजत होते. ही त्यातली नव्हती. पुढे काच, चाकं मोठी, आडवं अंग, आणि सीट एवढं लांबरुंद की त्यावर माणूस झोपेल. "इंजिन तुमच्या गाडीपेक्षा मोठं हाय," तो म्हणाला, "फक्त गिअर नाय."

मी ती सिन्नर फाट्यापर्यंत नेली आणि आणली. पहिली गोष्ट ही की पायांना काही कामच नव्हतं. दोन्ही पाय समोर फळीवर ठेवलेले, दिवाणखान्यात बसल्यासारखे. मला ते मुळीच आवडलं नाही. दुसरी गोष्ट ही की गाडी पळत होती. मूठ पिळली की मुकाट्याने वेग यायचा, मागच्या मागे रस्ता सुटत जायचा, आणि घोटा गप्प होता. तिसरी गोष्ट फाट्यावरच्या स्पीडब्रेकरला कळली. मोटरसायकलला डाव्या हाताशी क्लच असतो. अडथळा आला की आपण तो पूर्ण आवळतो, इंजिन मोकळं होतं आणि गाडी अलगद घरंगळते. बावीस वर्षं माझा डावा हात हेच करत आला होता. स्कूटरला त्याच जागी, त्याच आकाराचा, ब्रेक असतो. मी क्लच समजून सगळी बोटं आवळली आणि गाडी जागच्या जागी गचकन थांबली. छाती हँडलवर आदळली. मागचा दुचाकीवाला काहीतरी बोलून गेला, ते लिहिण्यासारखं नाही.

गॅरेजवाल्याला सांगितलं तर तो हसला. "गिअरवाले समदे असंच करत्यात, ताई. पंधरा दिवसांत जाईल." मला वाटलं, जाईल.

पंधरवडाभर मी ठरवत होते. एका कागदावर दोन रकाने पाडले, एकात हलकी मोटरसायकल, दुसऱ्यात मोठी स्कूटर. कापडी टेप घेऊन शोरूममध्ये गेले आणि सीटची उंची मोजली. तिथला माणूस आधी म्हणाला, "मॅडम, लेडीज गाड्या त्या बाजूला." मी मोठ्या स्कूटरकडे बोट दाखवलं, तर म्हणाला, "ही जड आहे मॅडम, ही जेंट्सच जास्त घेतात." म्हणजे मोटरसायकल माझी नाही, छोटी स्कूटर मला नको, आणि मोठी स्कूटरही माझी नाही. मी त्याला विचारलं, माझ्यासाठी तुमच्याकडे खुर्ची आहे का? त्याला विनोद कळला नाही, त्याने खरोखर खुर्ची आणली.

घरी येऊन मी रकाने भरले. उंची, वजन, चाकं, पेट्रोल. पण खरं सांगायचं तर टेप लावून मी सगळ्यात आधी जे मोजलं होतं ते मागचं सीट. लांबी, रुंदी, जमिनीपासून उंची. आईचे गुडघे दुखतात, ती किती उंच चढू शकते हे मला माहीत होतं. मोटरसायकलवर ती चढली नसती. स्कूटरवर चढली असती. आणि तिची अटही तशीच होती, पुरुषी गाडी सोड. मी हरणार होते आणि हरण्याच्या बदल्यात मला तेवढं एक मिळणार होतं. म्हणून मी स्कूटर घेतली. घोट्याचं कारण सगळ्यांना सांगितलं.

जुनी गाडी गॅरेजवाल्यानेच कुणालातरी देऊन टाकली. न्यायला आलेल्या माणसाने ती किकने सुरू केली, पहिल्याच फटक्यात. पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला, आणि वळणावर तिसरा टाकायच्या आधी जरा जास्तच ओढली. मी रडले नाही. मी गॅरेजवाल्यावर ओरडले, असल्या माणसाला गाडी दिलीस म्हणून. मला रडायच्या जागी ओरडणंच येतं.

आणि मग सुरू झालं मोपेड प्रकरण. आमच्याकडे बिनगिअरच्या प्रत्येक गाडीला मोपेड म्हणतात. पायडल असलेल्या खऱ्या मोपेडी माझ्या लहानपणीच गेल्या, पण शब्द राहिला. कारखान्याच्या फाटकावरचा वॉचमन माझ्या मोटरसायकलला सलाम ठोकायचा. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "काय मॅडम, मोपेड घेतली? बरं केलं, आता आरामाचं वय." मी गाडीवरून उतरून त्याला इंजिन किती मोठं आहे ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हां, पण मोपेडच ना." कॉलनीतल्या बायका तर जिन्यात थांबवून थांबवून सांगायला लागल्या, "आता कशी छान शोभते तुम्हाला गाडी!" ज्यांनी बावीस वर्षं तोंडावर काही म्हटलं नव्हतं त्याही. म्हणजे इतकी वर्षं त्या जिन्यात उभ्या राहून हेच मनात धरून बसल्या होत्या. मी आरशात बघितलं, मी तीच होते. मग शोभत काय होतं? माझं मोडणं?

आई गाडी बघायला खाली आली. भोवती एक फेरी मारली, मागच्या सीटवर तळहात दाबून बघितला आणि म्हणाली, "रुंद आहे." बस. पुढे काही नाही. मी वाट बघत राहिले. आज म्हणेल, उद्या म्हणेल, चल, मला ने. रोज सकाळी गाडी पुसताना मी वर गॅलरीकडे बघायचे. ती तुळशीला पाणी घालून आत जायची. तीन आठवडे असे गेले आणि माझा तोल सुटला. मी जेवताना ताट सरकवून म्हटलं, "सोडली ना पुरुषी गाडी? आता काय बहाणा आहे?"

आई शांतपणे घास गिळून म्हणाली, "बहाणा कशाला? रविवारी ने मला कॅम्पात. मावशीकडे."

त्या रात्री मला झोप आली नाही, हे कबूल करते. सव्विसाव्या वर्षी गाडी घ्यायच्या आदल्या रात्रीसुद्धा आली होती.

रविवारी सकाळी दहाला निघालो. आईने चांगली इरकल नेसली. हेल्मेट अंबाड्यावर बसेना, तिने ते तीनदा घातलं, तीनदा काढलं, शेवटी अंबाडा सोडून वेणी घातली. मावशीसाठी केलेल्या चिवड्याचा डबा पिशवीत, पिशवी मांडीवर. दोन्ही पाय डावीकडे सोडून ती बसली, सवयीप्रमाणे. एक हात डब्याला, एक माझ्या खांद्याला. गाडी थोडी खाली दबली आणि माझ्या खांद्यावर तिची बोटं रुतली. मी इतक्या हळू गाडी चालवली की सायकलवाले पुढे गेले.

देवळाली कॅम्पच्या रस्त्याला लागलो तशी मी जरा वेग घेतला. रस्ता चांगला, दोन्ही बाजूंना झाडं, मधूनच लष्कराचा ट्रक. आईची खांद्यावरची बोटं जरा सैल झाली. मला वाटलं, तिला आवडतंय. मग तिने माझ्या कानाशी वाकून, हेल्मेटमधून मोठ्याने म्हटलं, "आता कशी शोभतेस!"

ती प्रेमाने म्हणाली असेल. आज मला तसंच वाटतं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात तो जिना, तो वॉचमन, त्या सगळ्या बायका आणि बावीस वर्षांपूर्वीची ती गॅलरी एकदम उभी राहिली. मी काहीतरी तिखट उत्तर द्यायला मान वळवली. मान परत समोर केली तेव्हा स्पीडब्रेकर चाकाखाली येत होता. रागात माणूस विचार करत नाही, हात करतो. माझ्या डाव्या हाताने बावीस वर्षांचा क्लच दाबला. सगळी बोटं, पूर्ण ताकदीने.

गाडी गचकन थांबली. मी हँडलवर गेले. खांद्यावरची बोटं सुटली. मागे डब्याचा आवाज झाला, आणि मग आईचा, लहानसा, श्वास अडकल्यासारखा.

ती डावीकडे रस्त्याच्या कडेला पडली होती, डाव्या हातावर. इरकलीला माती, भोवती चिवडा. हेल्मेट डोक्यावर होतं, देवाची कृपा. मी गाडी तशीच टाकून तिच्याकडे धावले, घोटा विसरून. माणसं जमली. एकाने पाण्याची बाटली दिली, एकाने रिक्षा थांबवली. आणि एक जण, पांढऱ्या शर्टातला, हाताची घडी घालून म्हणाला, "मोपेडसुद्धा झेपत नाही तर कशाला चालवता हो? वर म्हाताऱ्या माणसाला घेऊन."

मी आईच्या पदरावरची माती झटकत राहिले. काय बोलणार, त्याचं बरोबर होतं.

जमिनीवर बसलेली आई बोलली. मनगट छातीशी धरून, वेदनेने चेहरा पांढरा पडलेला, पण आवाज खणखणीत. "तुम्हाला गिअरची गाडी येते का?" तो माणूस गोंधळला. "तिला येते. बावीस वर्षं चालवली तिने. घाटात, पावसात, ट्रकांमधून. एकदाही पडली नाही. या गाडीला क्लच नाही म्हणून घोटाळा झाला. तुम्हाला कळायचं नाही ते."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. क्लच हा शब्द आईच्या तोंडून मी जन्मात ऐकला नव्हता. रिक्षात मी तिला विचारलं, तुला कसं माहीत क्लच? ती डोळे मिटून म्हणाली, "तू पंधरा दिवस गॅरेजवाल्याशी फोनवर त्याच्यावरूनच भांडत होतीस. बहिरी नाही मी." आणि मग म्हणाली, "आणि आता बोलू नकोस, दुखतंय."

मनगटाचं हाड मोडलं होतं. माझेच डॉक्टर, तेच टेबल, तसंच प्लॅस्टर. भाऊ आला, क्ष-किरणांचा फोटो उजेडात धरून बघितला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "ती गाडी विकून टाक. आजच." मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. डाव्या हाताकडे बघवत नव्हतं मला, माझ्या स्वतःच्या. कामाला मी सुट्टी टाकली. स्कूटर कुणीतरी घरापर्यंत आणून दिली होती, ती मी कापड टाकून कोपऱ्यात ढकलली आणि तिच्याकडे पाठ करून जिना चढायला लागले.

चौथ्या दिवशी दुपारी आई म्हणाली, "वेणीने मानेला घाम येतोय. अंबाडा घालून दे." एका हाताने तिला जमत नव्हतं. मी तिच्या मागे स्टुलावर बसले, फणी घेतली. केसाहून बारीक मापं मोजणारी मी, पण अंबाडा काही जमेना. एकदा सैल, एकदा वाकडा, तिसऱ्यांदा आकडे तोंडात धरून मी तो गुंडाळत होते तेव्हा आई समोर भिंतीकडे बघत म्हणाली, "विकू नकोस गाडी."

मी आकडे काढून म्हटलं, "मी पाडलं तुला."

"पाडलंस." तिने मान हलवली आणि अंबाडा परत सुटला. "त्या जुन्या गाडीवरून नसतं पाडलंस. ती तुझ्या हातातली होती. कोपऱ्यावर वळायचीस ना, तो आवाज बदलायचा, तेव्हाच मला कळायचं, आली, आणि धड आली. त्या गाडीवर बसायला हवं होतं मी."

माझ्या हातात तिचे केस होते, पांढरे, पातळ, मुठीत मावतील एवढेच उरलेले. मला राग आला. खरोखर राग आला. गाडी गेली, कुणा परक्याच्या बुडाखाली गेली, तिच्यासाठी मी ती सोडली, आणि आता हे. मी म्हटलं, "मग बसली का नाहीस? बावीस वर्षं होती ती! बावीस वर्षं!"

"तू विचारलंस कुठे?" आई म्हणाली.

मी म्हणणार होते, हजारदा विचारलं. तोंड उघडलंही. मग शोधायला लागले. पहिल्या दिवशी हॉर्न वाजवला होता. बँकेच्या दिवशी लाज वाटते का म्हटलं होतं. जेवताना ताट सरकवलं होतं. त्यांच्या मधली सगळी वर्षं मी चाळली, दिवाळ्या, आजारपणं, लग्नकार्यं, पाऊस असलेले आणि रिक्षा न मिळालेले दिवस. टोमणे सापडले. दारं आपटलेली सापडली. फुरंगटून सिन्नरला गेलेली सापडले मी मला. साधं विचारलेलं एकदाही सापडलं नाही.

खाली कुणाची तरी गाडी सुरू झाली, गेली. आई तशीच पाठ करून बसली होती, प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन.

"आई," मी म्हटलं, आणि माझा आवाज मला ओळखू येईना. "बसशील का माझ्या मागे?"

आधी तिने उजवा हात मागे नेऊन अंबाडा चाचपला.

"आज नको," ती म्हणाली. "आज हात दुखतोय. उद्या विचार."